व्यवसायांतर आणि आत्मनिवेदन

वाङ्मयाचे प्रकार मोजतांना टीकाकार ज्यांची सहसा गणना करीत नाहींत, असे कांहीं लेखनप्रकार आहेत. शिफारसपत्र, मानपत्र, मृत्युलेख हे त्यांपैकींच होत. त्यांचा वाचकवर्ग लहान, हेतु उघड व्यावहारिक आणि आयुष्य अल्प. म्हणून त्यांच्या गुणदोषांची चर्चा करण्याचें कारण कोणास वाटत नाहीं. अलीकडे या मंडळींत आणखी एकाची भर पडली आहे. व्यवस्थापनाचें शिक्षण देणाऱ्या विद्यालयांत, म्हणजे ज्यांना आपण सर्वच जण 'बिझनेस स्कूल' म्हणतों तेथें, प्रवेश मागणारा तरुण आपल्या अर्जास एक निबंध जोडतो, तो हा प्रकार. त्याची लांबी दोनअडीचशें शब्दांपासून फार तर हजार शब्दांपर्यंत असते, आणि विषय बहुधा ठरलेला असतो: मी कोण, आजवर काय केलें, पुढें काय करणार, आणि त्यासाठीं तुमच्याच दारीं कां आलों.

हें लेखन चर्चेस अपात्र आहे असें आम्हांस वाटत नाहीं. प्रत्यक्षांत तें एक लहानसें आत्मचरित्रच आहे. आणि जे तरुण पुढें आयुष्यांत स्वतःविषयीं दहा ओळीहि सलग लिहिणार नाहींत, ते तें जिवाच्या आकांतानें लिहितात. अमेरिकेंतील नामांकित विद्यालयांत दोन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च आतां दोन लक्ष डॉलरांच्या पुढें गेला आहे. त्यासाठीं मध्यमवर्गीय कुटुंबें कर्ज काढतात, प्रसंगीं राहतें घर तारण ठेवतात. ज्या चार परिच्छेदांवर एवढा भार टाकला जातो, ते कसे लिहिले जातात हें पाहणें टीकाकाराचें काम नव्हे, असें कोण म्हणेल? आमच्याकडे जुने विद्यार्थी असे मसुदे वाचावयास आणीत असतात. त्यांत एका विशिष्ट जातीच्या मसुद्यांनीं आमचें लक्ष अधिक वेधून घेतलें. दुसऱ्याच एखाद्या व्यवसायांत चारपांच वर्षें घालवून आतां 'कन्सल्टिंग'मध्यें, म्हणजे व्यवस्थापन-सल्लागाराच्या धंद्यांत, शिरूं पाहणाऱ्यांचे ते मसुदे. त्यांच्यापुरतेंच आम्ही येथें बोलणार आहोंत.

हा धंदा म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. कारण तो करूं इच्छिणाऱ्या पुष्कळांच्या लिखाणांतहि त्याचा पत्ता लागत नाहीं. एखादी कंपनी, बँक किंवा सरकारी खातें अडचणींत असतें, अथवा मोठा निर्णय त्याच्यापुढें उभा असतो. अशा वेळीं सल्लागारांची एक लहान तुकडी तेथें जाऊन कांहीं आठवडे किंवा महिने राहते, प्रश्नाचे तुकडे पाडते, आंकडे गोळा करते, वरच्यापासून खालच्यापर्यंत माणसांशीं बोलते, आणि शेवटीं काय करावें हें मालकांस पटवून देते. निर्णय मालकांचा, फळ किंवा नुकसानहि त्यांचेंच. सल्लागार पुढच्या ठिकाणीं निघून जातो. या धंद्यांत मोबदला मोठा, प्रवास भरपूर आणि जागरणें बरींच. बिझनेस स्कूलमधून बाहेर पडणाऱ्यांचा मोठा वाटा दरवर्षीं याच वाटेनें जातो, हें त्या विद्यालयांच्या नोकरीविषयक अहवालांवरून कोणासहि दिसेल.

आतां मसुद्यांकडे वळूं. त्यांतील पहिला आणि सर्वांत मोठा दोष असा कीं, लेखक आपण बदललों हेंच कबूल करीत नाहीं. पांच वर्षें संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा अभियंता लिहितो, 'लहानपणापासूनच मला गुंतागुंतीचे प्रश्न सोडविण्याची आवड होती.' शाळेंतील कोडीं, महाविद्यालयांतील स्नेहसंमेलनाचा हिशेब, नोकरींतील पहिलें काम, या सर्वांस तो ओळीनें उभें करून प्रत्येकाकडून एकच साक्ष वदवून घेतो: 'मी जन्मतःच सल्लागार होतों, मधलीं पांच वर्षें केवळ परिस्थितीनें मला अन्यत्र ठेविलें.' साऱ्या नद्या समुद्रासच मिळाव्यात तसें त्याचें सारें आयुष्य या अर्जास येऊन मिळतें.

या ठिकाणीं आम्हांस एका फार निराळ्या पुस्तकाची आठवण होते. १८४५ सालीं जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज धर्मोपदेशकानें इंग्लंडची चर्च सोडून रोमन कॅथॉलिक पंथ स्वीकारला. पुढें जवळजवळ वीस वर्षांनीं चार्ल्स किंग्जली या ग्रंथकारानें त्याच्या सत्यनिष्ठेविषयीं जाहीर शंका घेतली. हा मनुष्य पूर्वींच्या पंथांत असतांनाहि आंतून नव्या पंथाचाच होता, अशी कुजबूज लोकांत होतीच. १८६४ सालीं न्यूमननें आपलें आत्मसमर्थन लिहिलें. त्यांत तो काय करतो? आपण पूर्वींपासून कॅथॉलिक होतों असें तो म्हणत नाहीं; त्याला तर नेमकें हेंच नाकारावयाचें आहे. पूर्वींचें मत आपण किती मनापासून धरिलें होतें, तें कोणत्या वर्षीं, कोणत्या वाचनानें, कोणत्या प्रसंगानें डळमळूं लागलें, आणि नवें मत पटण्यापूर्वीं किती काळ आपण मध्येंच लटकत होतों, हें तो सनावळीसह मांडतो. मतांतर प्रामाणिक होतें हें सिद्ध करावयाचें तर आधीं पूर्वमत प्रामाणिक होतें हें सिद्ध करावें लागतें, ही गोष्ट त्यानें ओळखली होती.

धर्मांतराशेजारीं व्यवसायांतर ठेवणें कोणास अतिशयोक्तीचें वाटेल. प्रश्नाची थोरवी एक नसली तरी लेखनाची अडचण मात्र एकच आहे. न्यूमनवर जो आरोप होता, तोच आमचा अभियंता स्वतःवर आपण होऊन ओढवून घेतो. 'मी पहिल्यापासून दुसऱ्याच कशाचा तरी होतों' असें जो म्हणतो, त्याला चाणाक्ष वाचक विचारणारच कीं, मग त्या पांच वर्षांत तुम्ही ज्यांचा पगार घेतला त्यांचें काम कोणत्या मनानें केलें? आणि आज ज्यांच्याकडे येत आहां त्यांच्याकडे तरी कोणत्या मनानें येत आहां?

दुसरा दोष पहिल्याच्या उलट दिसतो, पण जन्मला आहे त्याच्याच पोटीं. तो म्हणजे पूर्वव्यवसायाची निंदा. 'माझें काम यांत्रिक होतें', 'तेथें वाव नव्हता', 'माझ्या बुद्धीस आव्हान मिळेना', अशीं वाक्यें आम्हीं कितीतरी मसुद्यांत खोडलीं आहेत. काम यांत्रिक असेलहि. परंतु त्याच कामावर आयुष्य काढणारीं माणसें या वाक्यांत एका फटकाऱ्यानें मूर्ख ठरतात, हें लिहिणाऱ्याच्या ध्यानींहि येत नाहीं. उद्यां सल्लागार म्हणून त्याला ज्यांच्याशीं बोलावयाचें आहे, तीं हींच माणसें. कोठारावरील कारकून आणि रात्रपाळीचा मुकादम यांच्याविषयीं ज्याला आदर नाहीं, त्याला ते खरें काय तें सांगतील कशास?

तिसरा दोष भाषेचा आहे. मसुद्याच्या उत्तरार्धांत 'व्यापक परिणाम', 'धोरणात्मक दृष्टि', 'नेतृत्वगुण', 'विविध उद्योगांचा अनुभव' असे शब्द दाटीनें येतात. या शब्दांत अर्थ नाहीं असें नव्हे. परंतु ते सैन्यांतून आलेल्या अधिकाऱ्यास, दवाखान्यांतून आलेल्या डॉक्टरास आणि पेढीवरून आलेल्या हिशेबनिसास सारखेच लागू पडतात. जें वाक्य कोणाच्याहि निबंधांत न शोभण्याची भीति नाहीं, तें कोणाचेंच नसतें. आणि २०२२ च्या अखेरीपासून अशीं वाक्यें मागतांच पुरविणारीं यंत्रें घरोघरीं पोंचलीं असल्यामुळें त्यांस पूर्वीं जी थोडीबहुत किंमत होती तीहि उरलेली नाहीं.

हे तीन्ही दोष एकाच भीतीमधून निघतात असें आमचें मत आहे. तरुणास वाटतें कीं, आपल्या आयुष्यांतील सांधा दिसला तर समिति आपणांस अस्थिर म्हणेल. म्हणून तो सांध्यावर गिलावा चढवितो. ही भीति अगदींच निराधार नाहीं. विद्यालयांस आपला विद्यार्थी पुढें नोकरीस लागेल कीं नाहीं याची काळजी असतेच. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत पहिल्याच सत्रांत कंपन्यांची हालचाल सुरू होते, आणि मधल्या उन्हाळ्यांतील उमेदवारीवर पुढची नोकरी पुष्कळशी अवलंबून असते. फ्रान्समधील इन्सियाड या विद्यालयाचा अभ्यासक्रम तर अवघ्या दहा महिन्यांचा आहे. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा मुख्य अभ्यासक्रम एका वर्षांत आटोपतो. अशा ठिकाणीं येऊन मग चांचपडणाऱ्यास वेळ कोठला? शिवाय, सल्लागार-कंपन्यांतच आधीं कांहीं वर्षें काम करून शिक्षणासाठीं आलेले आणि परत तेथेंच जाणारे विद्यार्थी वर्गांत असतात. बाहेरून येणाऱ्याची त्यांच्याशीं स्पर्धा आहे. २०२३ सालीं तर मागणी मंदावल्यामुळें मोठमोठ्या सल्लागार-कंपन्यांनीं निवडलेल्या पदवीधरांस रुजू होण्याचे दिवस पुढें ढकलून दिले. तेव्हां 'तुम्ही या धंद्यांत शिरूं शकाल काय, आणि तो काय आहे हें तुम्हांस ठाऊक आहे काय?' हा समितीचा प्रश्न रास्त आहे. परंतु बदल लपविणें हें त्याचें उत्तर नव्हे. बदलाचें कारण सांगणें हें आहे.

आणि बाहेरून येण्याची लाज बाळगण्यासारखें या धंद्याच्या इतिहासांत तरी कांहीं नाहीं. ज्याच्या नांवानें आज जगांतील सर्वांत प्रसिद्ध सल्लागार-कंपनी चालते, तो जेम्स मॅकिन्सी हा शिकागो विद्यापीठांत हिशेबशास्त्राचा प्राध्यापक होता. १९२६ सालीं त्यानें ही पेढी काढली. तिला पुढें आकार देणारा मार्व्हिन बॉवर हा वकिली सोडून १९३३ सालीं तींत आला. १९७३ सालीं बेन ही कंपनी स्थापन करणाऱ्या बिल बेननें महाविद्यालयांत इतिहासाचा अभ्यास केला होता, आणि सल्लागार होण्यापूर्वीं तो व्हँडरबिल्ट विद्यापीठासाठीं देणग्या मिळविण्याचें काम करीत असे. फार काय, हार्वर्डच्या बिझनेस स्कूलची जी सुप्रसिद्ध 'केस' पद्धति, तीहि मूळची तेथील कायद्याच्या विद्यालयांतली. ज्या घरांत वडीलधारे सगळेच बाहेरचे, तेथें नवागतानें आपण याच घरांत जन्मलों असें सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

मॅकिन्सीच्या चरित्राचा शेवटहि बोधप्रद आहे. शिकागो येथील मार्शल फील्ड या विख्यात दुकानकंपनीस त्यानें सल्ला दिला. १९३५ सालीं त्या कंपनीनें त्यालाच आपला अध्यक्ष नेमलें, आणि स्वतः दिलेला सल्ला स्वतःच अंमलांत आणण्याची पाळी त्याच्यावर आली. तें काम चालू असतांनाच १९३७ सालीं तो वारला. सल्ला देणें आणि तो निभावणें हीं दोन कामें आहेत. जो तरुण कारखान्यांतून, इस्पितळांतून किंवा शाळेंतून येतो, त्यानें दुसरें काम केलेलें असतें. निर्णयाचा चटका स्वतःच्या हातास लागलेला असणें हें त्याचें धन आहे. आणि निबंधांत तो नेमकें तेंच झांकून ठेवतो.

मग चांगला मसुदा कसा असेल? एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, चाकणच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत एक अभियंता पांच वर्षें उत्पादनविभागांत आहे. यंत्र बंद पडलें कीं तें सुरू करणें हें त्याचें काम, आणि तें तो मन लावून करतो. बंद राहण्याचा वेळ त्यानें निम्म्यावर आणला आहे. एवढें सांगण्यास त्याला दोन वाक्यें पुरतील, आणि त्यांत पूर्वव्यवसायाचा मान राहील. पुढें त्याच्या असें ध्यानीं येतें कीं, उरलेला खोळंबा यंत्रामुळें होतच नाहीं. लहान पुरवठादारांस पैसे तीनतीन महिने उशिरां मिळतात, म्हणून ते माल अडवून धरतात. आणि पैसे उशिरां देण्यांत हिशेबखात्यास आपली कार्यक्षमता वाटते. अभियंत्याचा हात तेथवर पोंचत नाहीं. तो वरिष्ठांस टिपण लिहितो. टिपण फायलींत जातें. कांहीं महिन्यांनीं कंपनी बाहेरचे सल्लागार बोलावते. सहा आठवड्यांत ते त्याच निष्कर्षास येतात. फरक इतकाच कीं, त्यांनीं कोठारवाल्यास आणि हिशेबखात्याच्या प्रमुखास एकाच टेबलाशीं बसविलें, आणि उशिराचा खर्च हिशेबखात्याच्याच भाषेंत मांडला.

येथें सांधा आहे. अभियंत्यास प्रथम राग आला असेल. आला असल्यास त्यानें तो लिहावा. नंतर त्याला कळलें कीं, आपणांस उत्तर ठाऊक होतें, पण तें दुसऱ्यास पटेल अशा रूपांत मांडण्याची विद्या आपणांजवळ नव्हती. या एका वाक्यांत बिझनेस स्कूलची गरज आपोआप सिद्ध होते. त्याला हिशेबशास्त्र व अर्थव्यवहार शिकावयाचा आहे, आणि आपला अधिकार जेथें चालत नाहीं तेथें माणसांस कसें वळवावें हेंहि. सल्लागारीच कां? कारण एका कारखान्यांत हा प्रश्न त्यानें एकदां पाहिला. तो वीस ठिकाणीं, वीस रूपांत पाहिल्याशिवाय त्याचें मर्म कळणार नाहीं. आणि शेवटीं कोठें? तर ज्या लहान पुरवठादारांचें कंबरडें मोडतांना त्यानें पाहिलें, त्यांच्याकडे. असा निबंध वाचून समिति त्याला घेईलच असें आम्ही म्हणत नाहीं. जागा थोड्या आणि चांगले उमेदवार फार. परंतु तो वाचल्यावर एक मनुष्य भेटल्यासारखें वाटेल, आणि मुलाखतींत त्याला कोणींहि कोठूनहि प्रश्न विचारला तरी त्याला पाठांतर आठवावें लागणार नाहीं.

विद्यालयांचे प्रश्नहि नीट वाचल्यास हेंच मागतात. तुम्हांस सर्वांत महत्त्वाचें काय वाटतें आणि कां, असा प्रश्न स्टॅनफर्डचें विद्यालय अनेक वर्षें विचारीत आलें आहे. हार्वर्डनें २०२४ सालीं आपला जुना मोकळा प्रश्न काढून तीन लहान प्रश्न घातले. त्यांतील पहिला, अनुभवांनीं तुमच्या व्यवसायाच्या निवडीवर काय परिणाम केला, असा आहे आणि त्याला मर्यादा तीनशें शब्दांची. तीनशें शब्दांत बालपणापासूनचा ओघ मावत नाहीं. एक वळण मात्र चांगलें मावतें.

सल्लागारीच्या स्तुतीविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. तिच्यावर आजकाल कडक टीका होत असते, आणि ती निष्कारण नाहीं. २०२१ सालीं मॅकिन्सी कंपनीनें अफूजन्य वेदनाशामकांच्या विक्रीस दिलेल्या सल्ल्याच्या प्रकरणीं अमेरिकेंतील बहुतेक राज्यांशीं तडजोड केली. दोष मान्य केला नाहीं, पण सुमारें ५७ कोटी ३० लक्ष डॉलर देण्याचें कबूल केलें. जबाबदारीवांचून सल्ला, हा या धंद्याचा जुना रोग आहे. त्याचा उल्लेख निबंधांत करावाच असें नाहीं. परंतु त्यावर आपलें उत्तर काय हें ज्यानें मनाशीं ठरविलेलें नाहीं, त्याचें 'व्यापक परिणामा'चें वर्णन पोकळ वाटल्यास नवल नाहीं.

कोणी म्हणेल, 'हा बाजार आहे; येथें माल मांडावयाचा असतो. जाहिरातींत सत्य शोधणारा टीकाकार भाबडा होय.' यावर आमचें म्हणणें थोडें निराळें आहे. जाहिरात लिहिणारा दुसऱ्याचा माल विकतो आणि घरीं जातो. हा निबंध लिहिणारा जें स्वतःविषयीं लिहितो, त्याच्याबरोबरच त्याला पुढें राहावयाचें असतें. मसुदा दहा वेळां घोटून घोटून त्यांतील बनावट बालपण त्याला खरें वाटूं लागतें. निवड झाली तर तेंच तो मुलाखतींत, सहाध्याय्यांत आणि कंपनींत सांगत जातो. आणि पांच वर्षांनीं, खरोखर आपणांस हें हवें होतें काय, असा प्रश्न मनांत आला तर तो तपासण्यास लागणारा कागद त्यानें स्वतःच नष्ट केलेला असतो. निवड झाली नाहीं तर नुकसान आणखी निराळें. ज्या पांच वर्षांची त्यानें निंदा केली, त्याच कामावर त्याला सोमवारीं परत जावें लागतें.

म्हणून ज्या घरांत असा अर्ज लिहिला जात आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें आहे. 'तें कशाला लिहितोस, वाईट दिसेल,' असें म्हणून मुलाच्या किंवा मुलीच्या मसुद्यांतील गोंधळाचा, रागाचा, थांबून राहिल्याचा भाग कापूं नका. त्याऐवजीं एकच विचारा: जुनी नोकरी सोडतांना तुला कशाचें वाईट वाटेल? या प्रश्नास ज्याच्याजवळ नेमकें उत्तर आहे, त्यानें तें उत्तर मसुद्याच्या पहिल्या परिच्छेदांत घालावें. ज्याच्याजवळ मुळींच नाहीं, त्यानें अर्ज एक वर्ष पुढें ढकलला आणि तें वर्ष हातच्या कामांतच नीट घालविलें, तर कर्जाचे हप्ते फेडण्याची वेळ येण्यापूर्वीं त्याला आपलें मन तरी कळेल.